रंगीत फोन आणि दुसऱ्या बोलीचा माणूस

फेब्रुवारी २०१७ मध्ये अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात एक लाल टेलिफोन लिलावाला निघाला आणि २,४३,००० डॉलरला गेला. तेव्हाच्या दराने दीड कोटी रुपयांहून जास्त. बोलीची सुरुवातच एक लाख डॉलरपासून होती आणि लिलाव करणाऱ्या कंपनीनं आधी छापलेला अंदाज दोन ते तीन लाखांचा होता. म्हणजे भावाचा अंदाज बरोबर आला. वस्तू खरी होती का, यावरचा वाद मात्र अजून चालू आहे.

फोन हिटलरचा, असं सांगण्यात आलं होतं. १९४५ मध्ये बर्लिन पडल्यावर राल्फ रेनर नावाच्या ब्रिटिश ब्रिगेडियरला रशियन अधिकाऱ्यांनी हिटलरचा जमिनीखालचा बंकर हिंडून दाखवला. आठवण म्हणून आधी त्याला इव्हा ब्राउनचा काळा फोन देऊ केला. त्यानं तो नाकारला, आपल्याला लाल रंग आवडतो म्हणाला. मग त्याला हिटलरचा लाल फोन मिळाला. पुढे तो मुलाकडे आला आणि मुलानं विकायला काढला. फोनवर स्वस्तिक आणि हिटलरचं नाव कोरलेलं.

शंका काढली ती जर्मनीतल्या टेलिफोनच्या जाणकारांनी. फ्रँकफुर्टच्या दळणवळण संग्रहालयातल्या तज्ज्ञाचं म्हणणं असं, की बूड सीमेन्सचं आहे, पण हातात धरायचा रिसीव्हर इंग्लिश बनावटीचा आहे. मुख्य आक्षेप रंगावर होता. फोन मुळात काळा आणि त्यावर लाल रंग चढवलेला. देशाच्या सर्वेसर्वा माणसासाठी लाल फोन करायचाच असता तर तो लाल प्लॅस्टिकमध्येच ओतला असता, काळ्यावर ब्रश कशाला फिरवतील? विकणाऱ्यांनी अर्थातच हे मान्य केलं नाही, आणि घेणाऱ्यानं पैसे मोजले.

जुन्या रंगीत फोनच्या छंदातला निम्मा अभ्यास या एका भांडणात आला. रंग आतून आहे की वरून? उरलेला निम्मा अभ्यास पैशांचा. इतक्याला हा फोन का गेला, आणि तसाच दिसणारा शेजारचा का गेला नाही?

हा दुसरा अभ्यास आम्ही हरसूलला बसून करतो. हरसूल म्हणजे त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं, गुजरातच्या सीमेजवळचं बाजाराचं गाव. तुरुंग आणि तलावाचं हर्सूल संभाजीनगरजवळचं, ते वेगळं. इथे कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर अशी वस्ती, भात-नागली-वरईची शेती आणि चार महिने धो धो पाऊस. इथे कोणाकडे रंगीत टेलिफोनचा संग्रह नाही. आम्हा दोन-चार मित्रांकडे आहे तो अंदाजाचा खेळ. परदेशातल्या एखाद्या लिलावाची यादी मोबाइलवर उघडायची, फोनचे फोटो मोठे करून बघायचे आणि बोली बंद होण्याआधी प्रत्येकानं आपापला आकडा कागदावर लिहून ठेवायचा. ज्याचा आकडा जवळ, त्याला चहा. अमेरिकेतली दुपार म्हणजे आपली मध्यरात्र, त्यामुळे निकाल सकाळी कळतो. रेंज असेल तर.

नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला लिलाव समजावून सांगावा लागत नाही. लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या आवारात ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, लिलाव पुकारणारा पुढे आणि व्यापाऱ्यांचा घोळका मागे, मूठभर कांदा हातात घेऊन भाव बोलला जातो, काही क्षणांत ट्रॉलीचा निकाल लागतो. शेतकरी घरून निघताना मनाशी एक आकडा बांधून निघालेला असतो. फरक इतकाच की कांद्याचा कालचा भाव सगळ्यांना ठाऊक असतो. लाल फोनचा कालचा भाव कोण सांगणार?

आता रंगाचं. लिओ बेकलंड या बेल्जियममध्ये जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञानं १९०७ मध्ये अमेरिकेत बेकेलाइट तयार केलं. फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांच्यापासून केलेलं हे प्लॅस्टिक उष्णतेनं वितळत नाही, वीज वाहू देत नाही आणि साच्यात हवा तो आकार घेतं. टेलिफोनला याहून चांगलं काय हवं होतं? एक अडचण होती. त्याचा मूळ रंगच गडद, आणि मजबुतीसाठी त्यात लाकडाचा भुसा मिसळत. त्यातून फिका पिवळा किंवा दुधी रंग काढणं जमण्यासारखं नव्हतं. काळा आणि तपकिरी हे रंग कोणाच्या गंभीर स्वभावातून आले नाहीत, ते रसायनातून आले. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीसाठी नॉर्वेच्या जाँ हाइबर्ग या कलावंतानं १९३०च्या सुमारास बेकेलाइटच्या फोनला जो आकार दिला, रुंद बूड, वर आडवा रिसीव्हर, समोर चकती, तोच पुढे जगभर ‘टेलिफोन’ म्हणून ओळखला गेला. आजही मोबाइलवरच्या चित्रात फोन म्हणून तो वाकडा रिसीव्हरच दिसतो.

रंग हवा तर दुसरं द्रव्य हवं. ब्रिटिश पोस्ट खात्यानं १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात आपली ३०० मालिका काढली. तिच्यात काळ्याबरोबर हस्तिदंती, लाल आणि हिरवा असे तीन रंग दिले आणि ते ॲक्रिलिकच्या जातीच्या प्लॅस्टिकमध्ये ओतले. काळ्या फोनच्या मानानं हे रंगीत फोन नाजूक. पडले की तडकत, उन्हात ठेवले की रंग बदलत. मुळात कमी निघाले, त्यातले बरेच फुटले. त्यातही हिरवा सगळ्यांत दुर्मीळ. आज त्या मालिकेतला चांगल्या स्थितीतला काळा फोन लिलावात आला तर कोणी फारसं मान वळवत नाही. हिरवा आला की त्याच साच्यातल्या काळ्याच्या कित्येक पट भाव येतो. हस्तिदंती फोनवर आमच्यात नेहमी वाद होतो. फोटोत दिसणारा पिवळेपणा कारखान्यातला, की सत्तर वर्षांच्या सिगारेटच्या धुराचा?

अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ५०० क्रमांकाच्या फोनला १९५४च्या सुमारास रंग आले. पहिल्या काही वर्षांचे रंगीत फोन ज्या मऊ प्लॅस्टिकचे होते ते काळानुसार आकसतं, वाकतं आणि त्याला आंबूस, ओकारीसारखा वास सुटतो. जाणकार डोळे मिटून तेवढ्यावर साल सांगतात. पुढे १९५९ मध्ये ‘प्रिन्सेस’ नावाचा छोटा, गोंडस फोन निघाला, गुलाबी, निळ्या, फिरोजी रंगांत. तो शयनगृहासाठी, म्हणजे घरातल्या दुसऱ्या फोनसाठी होता. एरिक्सनचा ‘एरिकोफोन’ तर अख्खा एका तुकड्याचा, नागाच्या फण्यासारखा उभा, आणि चकती बुडाला. खाली ठेवला की फोन कट. स्वीडनमध्ये त्याला कोब्राच म्हणतात. ब्रिटनच्या १९६०च्या दशकातल्या ‘ट्रिमफोन’ची चकती अंधारात चमकावी म्हणून आत ट्रिशियम वायूची बारीकशी नळी घातली होती. ट्रिशियम किरणोत्सारी. हे फोन हजारोंनी परत आले तेव्हा त्यांची विल्हेवाट लावणं हे एक वेगळंच काम होऊन बसलं.

‘परत आले’ ही या सगळ्यातली कळीची गोष्ट. ब्रिटनमध्ये फोन पोस्ट खात्याचा, अमेरिकेत बेल कंपनीचा. गिऱ्हाईक फक्त भाडेकरू. रंगीत फोन हवा तर अमेरिकेत वेगळा आकार भरावा लागे, म्हणून बहुतेक घरं काळ्यावरच समाधान मानत. रंगीत फोनची टंचाई अशी कमी मागणीतूनच जन्मली. शिवाय ग्राहकानं घर सोडलं की फोन कंपनीच्या कार्यशाळेत जाई. तिथे तो उघडला जाई, याचं कवच त्याला, त्याची चकती याला, असं करून पुन्हा नवा म्हणून दुसऱ्या घरी जाई. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या फोनच्या जवळजवळ प्रत्येक भागावर तारखेचा शिक्का असतो: बुडावर, रिसीव्हरच्या आत, घंटेवर, कवचाच्या आतल्या अंगाला. हे सगळे शिक्के एकाच महिन्याचे निघाले तर तो फोन कधीच उघडला गेला नाही. असा गुलाबी किंवा गडद निळा फोन दिसला की आमच्या कागदावरचे आकडे एकदम वर जातात.

भारतातली गोष्ट इथून वेगळी वळते.

२८ जानेवारी १८८२ ला कलकत्त्याचं टेलिफोन एक्स्चेंज उघडलं, ९३ ग्राहकांनिशी. मुंबई आणि मद्रासलाही त्याच वर्षी. धंदा ओरिएंटल टेलिफोन कंपनीचा. मुंबईची यंत्रणा पुढे बॉम्बे टेलिफोन कंपनीकडे होती, ती १९४३ मध्ये सरकारनं ताब्यात घेतली. स्वातंत्र्याच्या वेळी साऱ्या देशात सुमारे ८०,००० फोन होते. १९४८ मध्ये बंगळुरूला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, म्हणजे आयटीआय उभी राहिली, ब्रिटिश कंपनीच्या तंत्रज्ञानावर. सुरुवातीला बाहेरून आलेले सुटे भाग जोडायचे, मग हळूहळू सगळं इथेच. ग्राहक एकच, पोस्ट आणि तार खातं. जिथे फोन मिळणं हीच मेहेरबानी, तिथे रंग कोण विचारणार? ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचे दळणवळण मंत्री सी. एम. स्टीफन यांनी संसदेत फोन ही चैन आहे आणि ज्याला सेवा पटत नाही त्यानं फोन परत करावा, अशा आशयाचं उत्तर दिल्याचा किस्सा अजून सांगितला जातो. त्याच उत्तराला लोक पुरवणी जोडतात: परत केलेल्या फोनसाठी आठ वर्षांची रांग उभीच होती.

म्हणून आपल्याकडे काळा फोन हाच फोन. तो दिवाणखान्यात विणलेल्या रुमालाखाली, त्याच्या चकतीच्या एका भोकात इवलंसं कुलूप. कुलूप लावणाऱ्याला वाटे बिल वाचलं. पोरांना ठाऊक असे की चकती फिरते तेव्हा ती फक्त तार तोडते आणि जोडते, सेकंदाला दहा वेळा या वेगानं: तीनला तीन, नऊला नऊ, शून्याला दहा. तेच काम रिसीव्हर ठेवायच्या खुंटीवर बोटानं टकटक करूनही होतं. टकटक नीट जमली तर कुलूपबंद फोनवरूनही मावशीचा नंबर लागे. शेजाऱ्याचा नंबर आपल्या कार्डावर ‘पी. पी.’ असं लिहून छापण्याचे ते दिवस. ट्रंक कॉल बुक करून दिवसभर घरात बसायचं; ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग अशा तीन दरांनी घाई मोजली जाई. नंबर फिरवून दुसऱ्या गावी थेट बोलण्याची सोय, एसटीडी, १९६० मध्ये कानपूर-लखनौ यांच्यात पहिल्यांदा झाली.

मग रंगीत फोन कुठे होते? सिनेमात. यात आपण एकटे नव्हतो. इटलीत १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात श्रीमंतांच्या घरातल्या प्रेमकथांची एक लाटच आली होती, आणि त्या सिनेमांना नावच ‘पांढऱ्या टेलिफोनचे सिनेमे’ पडलं, कारण पांढरा फोन दिसला की घर पैसेवाल्याचं, हे प्रेक्षकाला न सांगता कळे. आपल्याकडे ‘सुजाता’ (१९५९) मध्ये तलत महमूदच्या आवाजातलं आख्खं गाणं सुनील दत्त फोनवरून नूतनला ऐकवतो. आणि ‘पतंगा’ (१९४९) मधलं रंगूनच्या फोनचं गाणं केलं ते आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी, शमशाद बेगमसोबत गायलेही तेच. पुढे सिनेमाला रंग आला आणि खलनायकाच्या अड्ड्यात लाल फोन वाजू लागला. लाल फोनचा हा दबदबा निम्मा सिनेमातूनच आलेला आहे. वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यातली सुप्रसिद्ध ‘हॉटलाइन’ १९६३ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यावर लाल काय, कुठलाच फोन नव्हता. ती टाइप केलेले संदेश पाठवणारी टेलिप्रिंटरची जोडणी होती. तरी लोकांच्या डोक्यात तो लाल फोन पक्का बसला आहे, आणि लिलावात तोच बोली वर ढकलतो.

हरसूल, पेठ, सुरगाणा या पट्ट्याला काळ्या फोनचं ते दिवाणखान्यातलं युग फारसं दिसलंच नाही. दिवाणखाने नव्हते आणि तारा ओढायला डोंगर आडवे. फोन खेड्यांपर्यंत गेला तो सी-डॉटमुळे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेनं सॅम पित्रोदांच्या पुढाकारानं १२८ जोडण्यांचं ग्रामीण एक्स्चेंज तयार केलं. ते वातानुकूलनाशिवाय, आपल्याकडच्या धुळीत आणि उन्हाळ्यात चालावं अशा हिशेबानंच आखलेलं होतं. कर्नाटकातल्या कित्तूरला १९८६ मध्ये त्यातलं पहिलं लागलं. पाठोपाठ आल्या पिवळ्या पाटीच्या एसटीडी-पीसीओ टपऱ्या. आमच्या पिढीनं फोन पहिल्यांदा कानाला लावला तो अशा टपरीत, काचेच्या खोक्यात उभं राहून, लाल आकड्यांचं मीटर पळताना बघत. तो फोन बटणांचा, राखाडी किंवा पांढरट. चकतीचा फोन पाहिला तो सिनेमात किंवा एखाद्या सरकारी कचेरीत. मोबाइल आला आणि टपरीही गेली. टपरी येण्या-जाण्यामधला काळ जेमतेम दीड-दोन दशकांचा.

काळ्या-रंगीत फोनांचं मग झालं काय? ऐंशीच्या दशकाच्या मध्यात उपकरणं बनवायला खासगी कंपन्यांना मोकळीक मिळाली. सुनील मित्तल यांची बीटेल त्यातलीच. बटणांचे रंगीबेरंगी फोन बाजारात आले, आणि पहिल्यांदाच फोन आपल्या मालकीचा झाला. खात्याचे चकतीचे फोन परत गेले, गोदामांत साठले आणि मोडीत निघाले. सरकारी मोडीचा लिलाव होतो, पण तो ‘एमएसटीसी’सारख्या सरकारी कंपनीमार्फत, ढिगाच्या हिशेबानं. इथे रंगाला काही किंमत नाही. भंगाराच्या काट्यावर लाल आणि काळा सारखाच. त्यातही भंगारवाल्याला कवच नकोच असतं. त्याला हवं आतलं: वेटोळ्यातली तांब्याची तार, घंटेच्या दोन धातूच्या वाट्या. कवच फोडलं की ते निघतं. ब्रिटनमधला हिरवा फोन तडकून दुर्मीळ झाला, आपल्याकडचा रंगीत फोन तांब्यापायी फुटला. माझ्या मते आपल्याकडच्या जुन्या रंगीत फोनची टंचाई परदेशातल्यापेक्षाही जास्त असली पाहिजे. पण त्याची नोंद कोणी ठेवली नाही, म्हणून त्याचा भावही बांधला गेला नाही.

नोंद ठेवली की काय होतं, ते आमच्याच रस्त्यावर दिसतं. नाशिकहून त्र्यंबककडे येताना अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९८० साली स्थापन झालेली, नाण्यांच्या संग्रहालयासह. नाण्यांच्या छंदाला आपल्याकडे याद्या आहेत, परिषदा आहेत, टांकसाळींच्या खुणा ओळखणारी माणसं आहेत. त्यामुळे बाजारात एखादा होळकरी रुपया आला तर त्याचा भाव हवेत बोलला जात नाही. अमेरिकेत टेलिफोनच्या संग्राहकांची संघटना १९७१ पासून आहे, ब्रिटनमध्येही आहे. त्यांचे मेळावे भरतात, रंगांचे तक्ते छापले जातात. आपल्याकडे संग्राहक आहेत, तक्ता नाही.

तक्ता नाही म्हणून बाजार मोकाट आहे. मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर जा. ग्रामोफोनचे कर्णे, जहाजावरचे दिवे आणि त्यांच्यामध्ये चकचकीत पितळी टेलिफोन, लाकडी बैठकीवर, ‘व्हिक्टोरिया राणीच्या काळातला’. सिनेमाच्या चित्रीकरणासाठीही इथून जुन्या वस्तू भाड्यानं जातात. अशा पितळी फोनांपैकी बहुतेक मुरादाबाद किंवा रुडकीकडच्या कारखान्यांत अलीकडे घडलेले असतात. घडवणारे कारागीर उत्तम, त्यांच्याशी भांडण नाही. भांडण त्या ‘राणी’शी. ओळखायचं कसं? चकतीच्या भोकांमध्ये बोट घाला. आत बटणं लागली तर राणी गेल्यावर ऐंशी-नव्वद वर्षांनी तो जन्मला. बुडाच्या स्क्रूच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह असेल तर तो स्क्रू १९३०च्या दशकाआधीचा असू शकत नाही. मागची तार प्लॅस्टिकच्या चौकोनी क्लिपमध्ये संपत असेल तर बोलणंच खुंटलं. बेकेलाइट म्हणून काही विकत असतील तर अंगठ्यानं जोरात घासून गरम करा आणि हुंगा. खऱ्या बेकेलाइटला दवाखान्यातल्या फिनाइलच्या जवळचा वास येतो.

चकतीही खूप काही बोलते. आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये एकपासून सुरू होऊन शून्यावर संपते. शून्य एकच्या आधी असेल तर फोन स्वीडनचा. आकडे उलटे लावलेले असतील तर बहुधा न्यूझीलंडचा. आमच्या खेळात या एका खुणेवर अनेकदा चहा जिंकला जातो.

मग भाव. नवख्या माणसाची नजर मागितलेल्या किमतीवर असते. विक्रीला लावलेल्या फोनखाली पन्नास हजार लिहिलं म्हणजे तो पन्नास हजारांचा झाला नाही. वर्षभर तसाच पडून असेल तर त्याचा भाव काहीच ठरलेला नाही. बघायचा तो विकला गेलेला भाव. दुसरं, हातोडा पडतो तो आकडा आणि घेणाऱ्याच्या खिशातून जाणारा आकडा वेगळा. लिलावगृहाची दलाली वर चढते, अनेक ठिकाणी वीस-पंचवीस टक्के, शिवाय कर. विकणाऱ्यानं राखीव किंमत ठेवली असेल आणि बोली तिथवर पोचली नाही तर वस्तू परत घरी.

आणि तिसरं, जे आम्हाला आकडे लिहून लिहून कळलं. लिलावातला भाव जिंकणारा ठरवत नाही, त्याच्या आधी थांबणारा ठरवतो. पहिल्याची तयारी दहा लाखांची असली तरी दुसरा चाळीस हजारांवर थांबला, तर वस्तू चाळीस हजारांच्या थोडी वर जाते. म्हणजे अंदाज करायचा तो सर्वांत वेड्या माणसाचा नव्हे, त्याच्याखालोखाल वेड्या असलेल्याचा. असे दोघे एकाच दिवशी जागे असतील का? २०२० मध्ये ब्रिस्टलजवळच्या एका छोट्या लिलावगृहाला त्यांच्या टपालपेटीत अडकवलेलं एक पाकीट मिळालं. त्यात गांधीजींचा चष्मा. अंदाज धरला दहा ते पंधरा हजार पौंड. गेला २,६०,००० पौंडांना. चष्म्याचा घाट तोच, काच तीच. जगभरातून हवी ती दुसरी बोली फोनवर आणि इंटरनेटवर हजर होती, एवढंच. टेलिफोनमध्ये याच्या जवळ जाणारं उदाहरण साल्वादोर दालीचं. त्यानं १९३८ मध्ये एडवर्ड जेम्स या आश्रयदात्यासाठी फोनच्या रिसीव्हरवर प्लास्टरचा शेवंडा बसवला. काही काळ्या फोनवर लाल शेवंडे, काही पांढऱ्या फोनवर पांढरे. त्यातला एक पांढरा २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयानं ८,५३,००० पौंडांना घेतला, देशाबाहेर जाऊ नये म्हणून. आत मात्र तो साधा चालता फोन.

रंगाच्या बाबतीत आमच्या भागातल्या माणसाची एक अडचण होते, मीही त्यातून सुटलेलो नाही. इथे बोहाडा होतो. देवांचे आणि दैत्यांचे लाकडाचे, कागदाच्या लगद्याचे मुखवटे वर्षभर जपून ठेवतात आणि सोंगं निघण्याआधी पुन्हा ताजे रंगवतात. रंगवला नाही तर मुखवट्याचा अपमान. टेलिफोनचं नेमकं उलटं. उडालेला, पिवळटलेला, घासटलेला मूळ रंग हीच त्याची साक्ष; वर नवा रंग चढवला की जाणकारांच्या लेखी तो मेला. हौसेनं स्प्रे मारून लाल केलेला काळा फोन दिसायला झकास दिसतो आणि लिलावात धड काळ्याचाही भाव घेत नाही. हिटलरच्या फोनला मिळाला तो नावाला मिळाला, रंगाला नाही.

कायद्याचंही एक टोक आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती परदेशी पाठवता येत नाही. भिंतीवरचे लाकडी, हँडल फिरवायचे फोन आता त्या वयात आले आहेत. अशा फोनचा न्यूयॉर्कमधला भाव बघून इथे हिशेब मांडण्यात अर्थ नाही. आपल्याकडच्या रंगीत फोनांना अजून बराच अवकाश आहे.

ते चालतात का, हे लोक पहिल्यांदा विचारतात. एक्स्चेंजच्या तांब्याच्या तारेवर ४८ व्होल्टचा दाब असतो आणि घंटा वाजवायला त्याहून जास्त दाबाचा प्रवाह येतो, एवढ्यावर जुना फोन आजही खणखणीत वाजतो. पण तारा जाऊन फायबर आलं. आलेला फोन घेता येतो. चकतीची टकटक मात्र फायबरच्या नव्या डबीला बहुधा कळत नाही, मध्ये एक रूपांतरक लावावा लागतो. आणि दुरुस्त कोण करणार? जानेवारी २०२०च्या अखेरीस बीएसएनएलचे सुमारे ७८,००० कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकदम बाहेर पडले. खांबावर चढून, तोंडात तार धरून, कानाला टेस्टर लावून ‘हॅलो, टेस्टिंग’ करणारे लाइनमन त्यांत होते. आपल्याकडच्या फोनांचा तक्ता कधी व्हायचा असेल तर तो यांच्या आठवणीतूनच होईल: कुठल्या साहेबाच्या टेबलावर हिरवा होता, लाल कोणाला दिला जाई, हस्तिदंती कधी आला. हे कुठल्याही कॅटलॉगमध्ये नाही आणि यातली बरीच माणसं आज साठीच्या आसपास किंवा पुढे आहेत.

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच. माळ्यावर, कपाटाच्या मागे, जुन्या दवाखान्यात, सहकारी सोसायटीच्या कचेरीत चकतीचा फोन असेल, त्यातून रंगीत असेल, तर आधी तो उलटा करा. बुडावरचा शिक्का, क्रमांक, साल वाचा आणि फोटो काढून ठेवा. कोणाच्या नावावर होता, नंबर काय होता, कुठल्या वर्षी लागला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहा आणि तो कागद फोनबरोबरच ठेवा. ओळखीत निवृत्त लाइनमन असतील तर त्यांच्यासमोर बसून विचारा, रेकॉर्ड करा. साबणाच्या ओल्या फडक्यापलीकडे त्याला काही लावू नका. रंग तर अजिबात नको. आणि विकायचाच असेल तर भंगारवाल्याआधी निदान दोन जाणत्या माणसांना दाखवा. एकट्या गिऱ्हाइकासमोर आपल्याकडच्या कुठल्याही फोनचा भाव आजपर्यंत निघालेला नाही.